जंतू मोजू नका, ते काय बनवतात ते छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या आरोग्य पुरवणीत पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियांवर जो पानभर लेख आला तो वाचला. बडोद्यात आम्ही बरेचजण आपला पेपर मोबाईलवरच वाचतो, आणि मोबाईलवर वाचलं की ते लगेच चार ग्रुपवर फिरतं, तसा हा लेखही फिरला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दांडिया बाजारातल्या निम्म्या मंडळींनी ठरवूनही टाकलं की उद्या मेडिकलमधून चांगल्या बॅक्टेरियाच्या कॅप्सूल आणायच्या. लेख वाईट होता असं नाही. भाषा सोपी होती, चित्रंही छान. पण अख्ख्या पानात चांगले जंतू वाढवा, वाईट जंतू मारा, एवढंच, आणि हे जंतू नक्की बनवतात काय, किती बनवतात, आणि ते शरीरात कुठे कामाला येतं याबद्दल एक ओळ नाही. माझं सगळं भांडण तिथेच आहे.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. सयाजीराव युनिव्हर्सिटीतून मायक्रोबायोलॉजी केलं आणि उमेदीची वर्षं इथल्याच एका अँटिबायोटिकच्या कारखान्यात फर्मेंटेशनला काढली. पाहुणे विचारायचे काय करता, तर आमच्या सौ. परस्पर सांगायच्या की हे जंतूंना जेवायला घालतात. खरंच तेच काम होतं. सोयाबीनचं पीठ, ग्लुकोज, मक्याचं आंबलेलं पाणी ज्याला आम्ही कॉर्न स्टीप म्हणायचो आणि ज्याचा वास घरी जाऊन आंघोळ केली तरी जायचा नाही, फेस दाबायला तेल, खालून गाळलेली हवा, आणि आत फिरणारा पंखा. पहिले एक-दोन दिवस जंतू नुसते खातात आणि वाढतात, तेव्हा त्यांच्याकडून काही मागायचं नाही. मग खाणं संपत येतं, वाढ मंदावते, आणि तेव्हा कुठे ते आपल्याला हवा तो पदार्थ बनवायला लागतात. शिफ्टला सॅम्पल काढून लॅबला पाठवायचं, लॅबवाले दुसऱ्या जंतूंच्या प्लेटवर ते टाकून भोवती किती मिलीमीटर साफ झालं ते मोजायचे आणि त्यावरून युनिट, म्हणजे औषध किती तयार झालं ते, सांगायचे. टाकीत जंतू दाट झालेत, मस्त लापशीसारखे, पण युनिटच चढत नाहीत, असंही व्हायचं, आणि मग ती बॅच कितीही गुटगुटीत दिसली तरी तिला कोणी विचारायचं नाही. साहेब राउंडला आले की पहिला प्रश्न "युनिट किती?" हाच. जंतू किती हा प्रश्न मी तरी कधी ऐकला नाही.

आणि आज मेडिकलमधल्या डब्यावर काय लिहिलेलं असतं? अमुक इतके अब्ज जिवंत जंतू. बस्स.

म्हणून मला वाटलं की जरा सांगावं, जंतूंनी बनवलेल्या पदार्थांवर आपण सगळे आधीच किती जगतोय, कारण लोकांना वाटतं की हे काहीतरी नवीन, पोटाच्या आरोग्याचं फॅड आहे. घरातला औषधांचा डबा उघडा. खरचटलं की लावतो ती निओस्पोरिनची ट्यूब किंवा पावडर बहुतेक घरात असतेच, त्यात तीन औषधं असतात, निओमायसिन, पॉलिमिक्सिन आणि बॅसिट्रासिन, आणि तिन्ही बॅक्टेरियांनी बनवलेली. पहिल्या दोन्हींचे जंतू मातीतले आणि बॅसिट्रासिनचा जंतू सापडला १९४३ मधे न्यूयॉर्कला एका लहान मुलीच्या मोडलेल्या पायाच्या जखमेत. म्हणजे जखमेतला जंतू, आणि त्याचाच माल आज आपण जखमेवर लावतो.

मग अझिथ्रोमायसिन, ज्याला आपल्याकडे लाडाने "अझी" म्हणतात. ती केमिस्टांनी एरिथ्रोमायसिनमधे थोडा फेरफार करून बनवलेली, युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबच्या प्लिवा कंपनीत, १९८० च्या सुमारास. आणि मूळ एरिथ्रोमायसिनचा जंतू फिलिपिन्समधल्या इलोइलो गावाकडच्या मातीतला, १९४९ मधे तिथल्या डॉक्टर अबेलार्दो अगिलार यांनी अमेरिकेत एली लिली कंपनीला पाठवलेल्या नमुन्यातला. आमच्या बडोद्याला हे औषध काही परकं नाही. अलेम्बिकची अल्थ्रोसिन म्हणजे एरिथ्रोमायसिनच, पन्नाशीच्या वरच्या प्रत्येक बडोदेकराने ती लहानपणी गिळलेली असणार. आणि अलेम्बिक १९०७ मधे सुरू झाली तेव्हा प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर आणि भाईलाल अमीन यांच्याबरोबर तिसरं नाव कोटिभास्करांचं होतं, हे आमच्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमात कोणाला विचारलं तर दहातले आठ जण सांगू शकणार नाहीत, पण ते असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

या औषध बनवणाऱ्या बॅक्टेरियांचं सगळ्यात मोठं घराणं म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस. मातीत राहतात, बुरशीसारखे धागे काढतात म्हणून पूर्वी लोकांना ती बुरशीच वाटायची. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो, ज्याच्यावर आपल्या कवींनी इतक्या कविता केल्या, तो बराचसा यांनीच बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. आमच्या टाक्या उघडल्या की तोच वास यायचा, भर उन्हाळ्यात, त्यामुळे कवितेतला मृद्गंध मला काही विशेष चढत नाही. याच घराण्यातून १९४३ मधे अमेरिकेत रटगर्स युनिव्हर्सिटीत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिन काढलं, टीबीवर चालणारं पहिलं अँटिबायोटिक. नोबेल मिळालं १९५२ मधे, ते मात्र त्याच्या सरांना, वॅक्समनना, एकट्यांना. शॅट्झला त्याआधीच कोर्टात जाऊन सहसंशोधक म्हणून नाव लावून घ्यावं लागलं होतं. आणि तुम्ही महाराष्ट्रात बसून हे वाचताय म्हणून सांगतो, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधे १९६१ च्या सुमारास थिरुमलाचार यांच्या टीमने तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं होतं. जंतूच्या नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पेनिसिलिन मात्र यात धरू नका, ती बुरशी, आमची नाही.

आता इथपर्यंत लोक म्हणतील की ठीक आहे, अँटिबायोटिक आम्हाला माहीत होती. खरी मजा पुढे आहे.

माझ्या व्याह्यांना स्टेंट टाकलाय. बडोद्यात आता कुठल्याही लग्नात पंगतीला बसलात तर शेजारच्या ताटावर एक तरी स्टेंटवाला निघतोच. त्या स्टेंटवर औषधाचा लेप असतो, हृदयाची रक्तवाहिनी परत भरू नये म्हणून, आणि बऱ्याच स्टेंटवर ते औषध सिरोलिमस म्हणजेच रॅपामायसिन असतं. हे औषध कुठून आलं ते ऐका. १९६४ च्या शेवटी कॅनडाहून एक डॉक्टर-शास्त्रज्ञांची टीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर आयलंडला गेली, कारण तिथे विमानतळ होणार होता आणि बाहेरच्या लोकांची ये-जा वाढायच्या आत बेटावरच्या लोकांची तपासणी करून ठेवायची होती. येताना त्यांनी मातीचे नमुने आणले. ते माँट्रियलच्या आयर्स्ट लॅबमधे गेले आणि तिथे सुरेंद्रनाथ सहगल नावाच्या आपल्याच माणसाच्या टीमने १९७२ मधे त्यातल्या एका स्ट्रेप्टोमायसिसमधून हा पदार्थ वेगळा काढला. बुरशीवर छान चालत होता. पण तो शरीराची प्रतिकारशक्तीच दाबतो असं लक्षात आलं, आणि बुरशीचं औषध म्हणून तो बाद झाला. पुढे १९८० नंतर लॅबच बंद करायचं ठरलं, माल फेकून द्यायचा होता, तर सहगलांनी काही बाटल्या घरी नेऊन स्वतःच्या फ्रीजरमधे ठेवल्या, वर "खाऊ नये" अशी चिठ्ठी लावून. काही वर्षांनी कंपनी बदलली, साहेब बदलले, त्यांनी परत विषय काढला, आणि १९९९ मधे अमेरिकेत किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी त्याच औषधाला परवानगी मिळाली, कारण तिथे प्रतिकारशक्ती दाबायचीच असते. ज्या गुणामुळे बाद झालं त्याच गुणामुळे पास झालं. आणि ते पेशींची वाढ रोखतं म्हणून स्टेंटवर गेलं, तसे स्टेंट आता आमच्या सुरत-वापीकडे बनतात. नडियादला किडनी बदलायला जाणाऱ्या लोकांना आयुष्यभर जी टॅक्रोलिमसची गोळी घ्यावी लागते तीही अशीच, जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूची.

हल्ली तेच रॅपामायसिन तरुण राहायला म्हणून परदेशात लोक घेतात असं मुलं सांगतात. उंदीर जास्त जगले हे २००९ पासून माहीत आहे, माणसांत तसं अजून सिद्ध झालेलं नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध तब्येत चांगली असताना खायचं म्हणजे कमालच आहे.

हे सगळं लांबण लावून सांगतोय कारण पदार्थ तोच असतो, पण कशासाठी आणि किती, यावर त्याचं औषध होणार की विष ते ठरतं. कॅन्सरवरचं डॉक्सोरुबिसिन घ्या, लोक त्याला लाल इंजेक्शन म्हणतात, तेही स्ट्रेप्टोमायसिसचंच, इटलीतल्या एका किल्ल्याजवळच्या मातीतून जी वाट निघाली तिच्यावरचं. ते कॅन्सरच्या पेशी मारतं पण हृदयालाही इजा करतं, म्हणून डॉक्टर पेशंटला आयुष्यभरात एकूण किती दिलं याचा हिशोब ठेवतात आणि एका मर्यादेपलीकडे देत नाहीत, मग ते कितीही लागू पडत असो. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया घेऊन टीबीतून वाचलेली पण कानाने अधू झालेली माणसं आमच्या आधीच्या पिढीत घरोघरी होती. आयव्हरमेक्टिनचं तर ताजं आहे. जपानच्या सातोशी ओमुरांनी मातीतून आणलेला जंतू, त्यावरून बनलेलं जंतावरचं औषध, आफ्रिकेत लाखो लोकांची दृष्टी वाचवली, हत्तीपायाच्या मोहिमेत आपल्याकडेही काही जिल्ह्यांत देतात, २०१५ चं नोबेल त्यावर मिळालं. आणि कोविडमधे त्याच गोळ्या लोकांनी शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या, पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर काही उपयोग दिसला नाही. औषधाचा त्यात काय दोष?

जाता जाता एक गंमत. टीबीची रिफॅम्पिसिन (ज्याने लघवी लाल-केशरी होते आणि पेशंट घाबरतो), हे डॉक्सोरुबिसिन आणि बी-१२ चं इंजेक्शन, तिन्ही लाल, आणि तिन्हींच्या मुळाशी बॅक्टेरिया. त्याला काही अर्थ नाही, पण फर्मेंटेशनवाल्याला बरं वाटतं.

बी-१२ वर मात्र थांबायलाच पाहिजे, कारण आपल्या लेखात एक वाक्य असं होतं की पोटातले चांगले बॅक्टेरिया आपल्याला बी-१२ तयार करून देतात. संपादक महोदय, हे वाक्य बडोद्यात फार महाग पडेल. इथे शाकाहारी माणसं भरपूर, मराठी घरातसुद्धा दोन-दोन पिढ्या अंड्याला हात न लावणारी, आणि रिपोर्टमधे बी-१२ कमी निघणं म्हणजे आता सर्दीसारखं झालंय. ते वाक्य अर्धं खरं आहे म्हणून जास्त धोक्याचं. जगात बी-१२ ना झाडं बनवत ना प्राणी, फक्त काही बॅक्टेरिया आणि त्यांचे लांबचे भाऊबंद आर्किया बनवतात. आपल्या मोठ्या आतड्यातले जंतूही बनवतात, बरोबर. पण बी-१२ शरीरात घेतलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे कारखान्याच्या आधीच दुकान लागतं आणि माल पुढे तयार होऊन तसाच बाहेर पडतो. गायी-म्हशीचं तसं नाही, तिचे जंतू पहिल्याच पोटात असतात, तिथे बनलेलं पुढे आतड्यात शोषलं जातं आणि थोडं दुधात उतरतं, म्हणून दूध-दही-ताक घेणाऱ्याला थोडंफार मिळतं. दही लावणारे जंतू त्यात काही मोठी भर घालत नाहीत. आणि जिममधली मुलं स्पिरुलिना खातात बी-१२ साठी, तो स्वतःच एक बॅक्टेरिया, पण त्यात जे असतं ते मुख्यतः बी-१२ सारखं दिसणारं, माणसाच्या उपयोगाचं नसलेलं.

मग गोळी-इंजेक्शनातलं बी-१२ कुठून येतं? तेही टाकीतूनच, बॅक्टेरियांकडूनच. वुडवर्ड आणि एशेनमोझर या दोन बड्या केमिस्टांनी शंभराच्या आसपास संशोधक लावून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, बारा-एक वर्षं लागली, सत्तरच्या आसपास पायऱ्या. शास्त्र म्हणून अफाट काम, पण धंद्यासाठी कोणी त्या वाटेला जात नाही, कारण जंतू तेच काम सोयाबीन-साखर खाऊन करून देतो. माणसाला लागतं किती तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, चिमटीच्या टोकावरसुद्धा दिसणार नाही इतकं, पण तेवढं नाही मिळालं तर हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा, आणि फार दिवस दुर्लक्ष केलं तर नसांचं नुकसान भरून येत नाही. त्यात डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होतं हे आता पक्कं माहीत आहे, आणि आमच्या गल्लीत मेटफॉर्मिन न घेणारा साठीचा माणूस शोधावा लागेल. अशा माणसाने आपला लेख वाचून बी-१२ ची गोळी बंद केली आणि चांगल्या बॅक्टेरियाची कॅप्सूल सुरू केली तर? आमच्या ग्रुपवर एका आजोबांनी असं करतो म्हणून लिहिलंसुद्धा, त्यांना फोन करून सांगावं लागलं की काका असं नका करू, आधी डॉक्टरांना विचारा.

डायबेटिसवरून आठवलं, जेवणाआधी घेतात ती वोग्लिबोजची गोळी, तीही स्ट्रेप्टोमायसिसच्याच एका पदार्थापासून बनवलेली. ती पिठूळ पदार्थ पचू देत नाही, मग ते न पचलेलं पुढे मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जंतू त्यावर तुटून पडतात, म्हणून पेशंटची गॅसची तक्रार. बाहेरच्या जंतूचा माल खाल्ला आणि आतल्या जंतूंची मेजवानी झाली.

तर आता पोटातल्यांकडे येतो, लेखाच्या मुख्य विषयाकडे. इथे मला शास्त्राबद्दल शंका नाही, उत्साहाबद्दल आहे. जो चोथा आपल्याला पचत नाही, ज्वारी-बाजरीतला, सालासकट डाळीतला, भाज्यांतला, आणि शिजवून गार झालेल्या भातातला काही स्टार्चसुद्धा, तो मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रॉपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं बनवतात. त्यातलं ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य जेवण, त्यांच्या ऊर्जेतला साठ-सत्तर टक्के भाग त्यातून येतो असं मोजलं गेलंय. ही फार सुंदर गोष्ट आहे आणि ती लेखात यायला हवी होती. त्याऐवजी ग्रुपवर काय फिरतंय, तर तुपात ब्युटिरेट असतं म्हणून चमचा-चमचा तूप प्या. असतं, नाही कोण म्हणतंय, लोण्यावरूनच ज्याला नाव मिळालंय तेच ते. पण तुपातलं बहुतेक वरच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. तिथे ते जागच्या जागीच बनायला हवं, आणि त्यासाठी जंतूंना चोथा लागतो. तूप खा ना, पुरणपोळीवर खा, पण आतड्याच्या नावाने खाऊ नका. ब्युटिरेटच्या कॅप्सूलही आता ऑनलाइन मिळतात, किंमत बघून मला कारखान्यातले दिवस आठवले, तेवढ्या पैशात महिन्याची बाजरी येईल. त्या कॅप्सूलने निरोगी माणसाला काय फायदा होतो याचे पुरावे अजून तुटपुंजे आहेत.

आणि तेच पोटातले जंतू मटण-अंड्यातल्या कार्निटिन-कोलीनपासून एक पदार्थ बनवतात, लिव्हर त्याचा टीएमएओ करतं, आणि रक्तात तो जास्त असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो. तो कारण आहे की नुसता सोबती यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. एगरथेला लेंटा नावाचा जंतू काही लोकांच्या पोटात असतो, इतर वेळी त्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही, पण माणूस हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी घेत असेल तर तिचा काही भाग तो निकामी करून टाकतो. आता याला चांगला म्हणायचं का वाईट? लेखातल्या दोन रकान्यांत तो कुठे बसवणार?

कॅप्सूलबद्दल मी सरसकट वाईट बोलत नाहीये. ओडिशात गावागावांतल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांवर एक मोठी चाचणी झाली, २०१७ मधे छापून आली, एक ठरलेला लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्याच्याबरोबर त्याचं खाद्य, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करून फक्त सात दिवस. रक्तातलं इन्फेक्शन आणि मृत्यू मिळून नऊ टक्क्यांवरून साडेपाचच्या आत आले. याला म्हणतात काम. कोणता जंतू, किती, किती दिवस, कोणाला, कशासाठी, सगळं लिहिलेलं. आणि अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मधे सगळे पुरावे तपासून सांगितलं की पोटाच्या बहुतेक आजारांसाठी प्रोबायोटिक, म्हणजे हेच चांगले म्हणवणारे जिवंत जंतू, द्यायची शिफारस करता येत नाही, काही ठराविक परिस्थिती सोडून. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एका बाळावर चालणारा जंतू म्हणजे साठीच्या काकांच्या ॲसिडिटीवर चालणारा जंतू नव्हे, नावात लॅक्टोबॅसिलस दोघांच्याही असेल.

लेखाच्या शेवटी अँटिबायोटिक म्हणजे चांगल्या जंतूंचे शत्रू, शक्यतो टाळा असं होतं. टाळा ठीक आहे पण कसं ते तर सांगा. न्यूमोनियाच्या माणसाने टाळायची का? आपल्याकडे खरा घोटाळा उलटाच आहे. सर्दी झाली, घसा बसला, मेडिकलवर जायचं आणि "दोन अझी दे ने भाई" म्हणायचं, तोही देतो, चिठ्ठी कोणी मागत नाही. सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची, तिथे अझीचं काही काम नाही. आणि दोन गोळ्या खाऊन आपण फक्त आपल्या अंगावरच्या जंतूंची निवड करतो, जे मरायचे ते मरतात आणि ज्यांच्याकडे औषधाला तोड आहे ते उरतात. ही तोड माणसाने तयार केलेली नाही बरं का. एरिथ्रोमायसिन बनवणारा जंतू स्वतः त्याने मरत नाही, कारण औषध जिथे चिकटतं ती जागाच तो आपल्यापुरती बदलून ठेवतो, आणि हुबेहूब तीच युक्ती आता पू करणाऱ्या जंतूंकडेही असते. तिथे एरिथ्रोमायसिन चालत नाही आणि अझीही चालत नाही. २०१६ पासून सरकारची लाल रेघेची मोहीम आहे, पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका, ती रेघ वाचणारा माणूस मला अजून रावपुऱ्यात भेटलेला नाही. पुरवणीत त्या रेघेचा एक फोटो छापला असता तर पानभर लेखापेक्षा जास्त काम झालं असतं.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी या विषयावर काही छापाल तेव्हा लेखकाला, आणि शेजारी जाहिरात देणाऱ्यालाही, विचारा की यातला जंतू नेमकं काय बनवतो, ते किती बनतं, आणि ते कोणत्या आजारात, कोणत्या माणसांवर तपासलंय. उत्तर आलं तर छापा, नाही आलं तर तेवढी जागा कोकणातल्या आंब्याच्या भावाला द्या, आम्ही इथे गुजरातच्या केसरवर दिवस काढतो, निदान हापूसचा भाव तरी वाचू.

पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे. कापायचं तर ईस्टर आयलंड कापा, कोटिभास्करही कापा, हरकत नाही. बी-१२ चा भाग मात्र कापू नका, आणि जमलं तर त्या लेखातल्या वाक्याची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापा, कारण इथले लोक चौथ्या पानावरचा वाचकांचा पत्रव्यवहार उघडत नाहीत.

आपला,
एक निवृत्त फर्मेंटेशनवाला
दांडिया बाजार, बडोदा